फुगणारा पडदा आणि माझा संशय



दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेचा दिवस आला की मला आमच्या दुकानातला जुना मॉनिटर आठवतो. हसू नका, कारण सांगते.

तो मागे मोठं पोट असलेला, काचेच्या ट्यूबचा मॉनिटर होता. मी बी.कॉम. झालेली, म्हणून दुकानाचे हिशेब माझ्याकडे. संध्याकाळी कॉलेजमधला एक मुलगा बिलं टाईप करायला यायचा. एकदा पडद्यावर पाहून मी एका गिऱ्हाइकाला फोनवर ७४५ रुपये बाकी सांगितली. खरी बाकी होती ७४५०. मी त्या मुलावर चिडले, "आकडा नीट टाकता येत नाही का?" तो म्हणाला, "काकू, मी बरोबरच टाकलाय. पांढरं पान उघडलं की चित्र फुगतं आणि कडेचं चौकटीमागे जातं." मला वाटलं, हा बटणं फिरवून ठेवतो आणि वर सबबी सांगतो. तसं बोलूनही दाखवलं, तेही चार माणसांसमोर. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने आधी काळा पडदा लावला, मग पांढरा. पांढऱ्यावर चित्र खरोखरच चहूबाजूंनी वाढलं. सातचा, चारचा, पाचचा आकडा दिसत होता, शेवटचं शून्य चौकटीआड!

त्याने समजावलं ते असं. ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. पडदा जितका उजळ, तितका जास्त प्रवाह लागतो. आतले भाग जुने झाले की हा दाब टिकत नाही, खाली येतो. मग इलेक्ट्रॉन सावकाश जातात, चुंबकाने जास्त वळतात आणि चित्र मोठं होतं. थोडासा फरक नव्या मॉनिटरवरही पडतो, पण इतका नाही. नंतर त्याने विचारलं, "ब्राइटनेस एवढा कुणी वाढवला?"

मी गप्प. चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून मीच तो शेवटपर्यंत नेला होता.

मंदिराच्या ऑफिसात किंवा घरी कुणाकडे अजून असा मॉनिटर असेल तर एवढं करा. आधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी करून पाहा. रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट बदलल्यावर चित्र लहानमोठं झालं असेल तर तो बिघाड नव्हे. मॉनिटरच्या बटणांनी रुंदी-उंची जुळवा, बहुतेक मॉनिटर प्रत्येक सेटिंगसाठी ती वेगळी लक्षात ठेवतात. दुसऱ्या कॉम्प्युटरला तोच मॉनिटर लावूनही तसंच होत असेल तर दोष मॉनिटरचा. चित्र चारही बाजूंनी आत आकसलं असेल तर बहुधा आतल्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकलेले असतात. पण मागचं झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. टाकून द्यायचा असेल तर फोडू नका, त्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, म्हणजे माती-पाण्यातल्या जीवांना अपाय होणार नाही.

हे झालं यंत्राचं. माझं काय? अनेकांताचं प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आले, एका बाजूने पाहून निर्णय करू नये म्हणून. पण शून्य चौकटीआड गेलं आणि मी माणसाला खोटं ठरवलं. माझा पडदा फुगला होता तो 'मला सगळं कळतं' या उजेडाने.

क्षमावाणी महिनाभर लांब होती. तोवर थांबायचं मला बरं वाटलं नाही. त्याच्या घरी गेले. वयाने आणि मानाने लहान असलेल्यासमोर हात जोडताना जीभ जड झाली होती, खोटं कशाला सांगू? त्याची आई गोंधळली. तो मात्र एवढंच म्हणाला, "काकू, ब्राइटनेस कमी केलात ना?"

दोन दिवसांनी तो परत कामावर आला. पण चार माणसांसमोर दुखावलेलं मन एकट्यात मागितलेल्या क्षमेने भरत नाही. म्हणून दुकानात, त्याच चौघांसमोर, मी पुन्हा एकदा माफी मागितली.

यंदाच्या पर्वात तुमच्याही मनात असा कुणी असेल तर क्षमावाणीची वाट पाहू नका.