काळी काच

फोटोग्राफी हा श्रीमंतांचा छंद आहे, असं आमच्या घरी पक्कं मत आहे. माझा कॅमेरा मामाने वापरून दिलेला, ट्रायपॉड मित्राचा, आणि बजेट मेसच्या बिलातून उरेल तेवढं! पण नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याला पावसाळ्यात घरात बसवत नाही. तोरणमाळची सीताखाई, यशवंत तलावावर उतरलेले ढग, प्रकाशाचा तापी-गोमाई संगम. तिथं पाणी दुधासारखं मऊ दिसायला हवं असेल तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि भरदिवसा तसं केलं की फोटो पांढराफटक. म्हणून लेन्सपुढे काळी काच लावायची. तिचं नाव एनडी फिल्टर.

मित्रांनो, गणित एम-थ्रीपेक्षा नक्कीच सोपं आहे. एनडी ८ मधून प्रकाशाचा आठवा हिस्सा आत येतो, म्हणजे तीन स्टॉप कमी. एनडी ६४ म्हणजे सहा स्टॉप, एनडी १००० म्हणजे जवळजवळ दहा. फिल्टरशिवाय १/६० सेकंद येत असेल, तर अनुक्रमे साधारण १/८ सेकंद, १ सेकंद आणि १६-१७ सेकंद लागतात.

आता खिशाचा विचार. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेऊ नका. सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग वापरा. ती अगदी स्वस्त मिळते. व्हेरिएबल एनडी बघून मोह होतो, पण त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात. वाइड लेन्सवर जास्त फिरवला की फोटोत काळी फुली उमटते. स्वस्त काचेचा रंग थोडा बिघडतो, तो रॉ फाइलमध्ये बराचसा सुधारतो. काच धूसर असेल तर मात्र उपाय नाही.

अगदी फुकट हवं असेल तर ट्रायपॉडवरून एकाच दृश्याचे १६ फोटो काढून कॉम्प्युटरवर त्यांची सरासरी घ्या. पाणी मऊ होतं आणि नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. वर्कशॉपमधली १० नंबरची वेल्डिंगची काचही चालते! तिची ऑप्टिकल डेन्सिटी ३.८६, म्हणजे जवळपास तेरा स्टॉप. आमच्या १/६० सेकंदाची दोन मिनिटं होतात आणि सगळी तापी हिरवीगार. ब्लॅक अँड व्हाइट करा, झालं काम. मात्र साध्या एनडी फिल्टरमधून सूर्याकडे कधीही बघू नका.

एवढं सगळं वाचल्यावर एनडी १००० घ्यायचा की एनडी ६४, एवढाच प्रश्न उरला, कारण पैसे एकाचेच होते. मित्राचा एनडी १००० मागून आणला आणि प्रकाशाच्या घाटावर वीस सेकंदांचा फोटो काढला. पाणी रेशमासारखं आलं. शेजारी कपडे पिळणारे एक आजोबा कौतुकाने स्क्रीनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "भाऊ, छान आहे. पण मी कुठं गेलो यात?"

खरंच, घाटावरची हलणारी सगळी माणसं पुसली गेली होती. पुस्तकात हा त्या फिल्टरचा फायदा म्हणून सांगतात: गर्दीची जागा मोकळी दिसते. पण मला आमच्या जिल्ह्याचं उत्तर टोक आठवलं. तिथं नर्मदेवर सरदार सरोवराचं बॅकवॉटर पसरलंय. या धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी याच जिल्ह्यातली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी आणखी वर चढलं. ते पाणी आधीच शांत दिसतं. त्यावर दहा स्टॉपची काच लावली तर जाणारी होडीसुद्धा दिसणार नाही, आणि बघणारा म्हणेल, वा, किती निवांत जागा!

मी एनडी ६४ घेतला. एक सेकंदात धबधबा पुरेसा मऊ होतो आणि घाटावरचा माणूस थोडा पुसट का होईना, पण राहतो. आणखी उजेड कापायचा असेल तर सूर्य मावळेपर्यंत थांबायचं. थांबायला पैसे लागत नाहीत. तुम्हीही फिल्टर घेताना किमतीबरोबर एवढं विचारा, की या फोटोत कोण राहायला हवंय? नंबर आपोआप ठरेल.