नळी आणि गोळी यांमधली अर्ध्या सुताची पोकळी

१/
भाईंदर पूर्वेच्या गोडदेव नाक्यापासून वसईची खाडी फार दूर नाही. पलीकडे वसईचा किल्ला, तर अलीकडे पश्चिमेस चौक गावाजवळ धारावीचा किल्ला. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठे याच टापूत पोर्तुगीजांशी झुंजले. त्या मोहिमेतील तोफांविषयी आणि सुरुंगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा मात्र शिपायाच्या हातातील बंदुकीचा, आणि तिची नळी व गोळी यांच्यात राहणाऱ्या पोकळीचा आहे.

२/
त्या काळची तोडेदार बंदूक आतून गुळगुळीत असे. दारू आणि शिशाची गोळी तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर बसे. गोळी नळीच्या नेमक्या मापाची ओतली, तर काही बारांनंतर ती आतच जाईना. म्हणून गोळी मुद्दाम बारीक ठेवत. हाताने घडवलेल्या नळ्यांची मापेही सारखी नसत. एकाच्या साच्यातील गोळी दुसऱ्याच्या बंदुकीला बसेलच याची खात्री नसे.

३/
या सवलतीची किंमत नेमाने चुकवावी लागे. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ०.७५ इंच, तर गोळी साधारण ०.६९ इंच. फरक जेमतेम अर्ध्या सुताचा. पण तेवढ्या फटीतून धूर आणि जोर निसटे, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत पुढे सरके, आणि शेवटची आपट जिकडे लोटेल तिकडे ती बाहेर पडे. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसाला टिपणे हा बराचसा नशिबाचा भाग होता. रांगा करून एकदम बार काढण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

४/
यावर उपाय जुनाच होता: नळीत मळसूत्री खाचा. त्यांत रुतलेली गोळी भोवऱ्यासारखी फिरत सुटते आणि सरळ जाते. अशा खाचा असलेली बंदूक म्हणजेच रायफल. पण रुतण्यासाठी गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी ठासायला वेळ लागतो. १८०० च्या सुमारास आलेल्या ‘बेकर’ रायफलीसोबत सुरुवातीला चक्क लाकडी हातोडी दिली जाई.

५/
ही कोंडी १८४९ च्या सुमारास फ्रेंच कॅप्टन मिनिये यांनी फोडली. त्यांची गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ होती. ठासताना सैल, बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत घट्ट बसे. याच तत्त्वावर १८५३ ची ‘एन्फिल्ड’ रायफल उभी राहिली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. उरलेली बारीक फट काडतुसाचा कागद आणि त्यावरचे वंगण भरून काढी.

६/
‘काडतूस’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. एन्फिल्डचे काडतूस कागदाचे होते. त्याचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेला गोळीचा भाग ठासायचा. हिंदुस्थानच्या उन्हात वंगण वितळे, काजळी कडक होई आणि गोळी अडके. माप इतके घट्ट असल्याने वंगणावाचून गत्यंतरच नव्हते. आणि त्यातील चरबी गाई-डुकरांची नसावी, याची काळजी अधिकाऱ्यांनी घेतली नाही.

७/
जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून बातमी पसरली. सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण लावण्याची मुभा दिली. पुढे काडतूस हाताने फाडण्याची कवायतही आणली. उपयोग झाला नाही. २४ एप्रिलला मेरठच्या परेडीवर ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. ती तर जुन्याच, नेहमीच्या वापरातील होती! नळीतील फट कागदाने बुजवता येत होती. विश्वासाला पडलेली फट बुजवण्याचा उपाय सरकारकडे नव्हता. १० मेला मेरठ उठले, ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण.

८/
तांत्रिक दोष पुढे दूर झाला. १८५९ पर्यंत गोळी ०.५५० इंचांवर आणली गेली आणि तिला मेण लावले जाऊ लागले. पण त्याच सुमारास हिंदी शिपायांसाठी वेगळी बंदूक निघाली. दिसायला एन्फिल्डच, नळी मात्र ०.६५६ इंच, आतून गुळगुळीत. शतकभर कारागीर जी पोकळी मिटवण्यासाठी झटले, ती राज्यकर्त्यांनी जाणूनबुजून परत आणली. शिपाई हवा होता. त्याचा अचूक नेम नको होता.

९/
१८६६ मध्ये ‘स्नायडर’ रायफलीने मागून भरायचे काडतूस आणले. पुढच्या धातूच्या काडतुसांमुळे दात आणि गज दोन्ही सुटले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. प्रश्न मात्र संपला नाही. आजही नेम बिघडला की जाणकार नेमबाज आधी नळी साफ करतो, तिचे तोंड तपासतो, मग काडतुसांची तुकडी बदलून पाहतो; कारण एकाच बनावटीच्या दोन नळ्यांना एकच काडतूस मानवेल असे नाही. १८५७ च्या शिपायाला ती बदलून पाहण्याची सोय नव्हती. त्याला फक्त नकार देता येत होता, आणि तो त्याने दिला.