मागे राहणाऱ्यांची सहल

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आता गाडी वरपर्यंत जाते. पण मुलांना जुन्या पाखाडीनंच चढायचं होतं, आणि मलाही. उजव्या सोंडेच्या गणपतीचं दर्शन झालं. वरून समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग दिसला आणि उद्या होडीनं तिथं जायचं तिथल्या तिथं ठरलं. उतरताना वाळक्या पानांखालची पायरी पायाला लागलीच नाही. पाऊल आत मुडपलं आणि घोटा बघता बघता टम्म फुगला.

दापोलीच्या डॉक्टरांनी हाडाच्या कडेवर बोटांनी दाबून पाहिलं, चार पावलं टाकायला लावली, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट दुखावलं होतं. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशांवर उंच, आणि सुरुवातीला चोळणं-शेकणं बंद. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तोवर आंबेहळद उगाळायला सहाण काढली होती. डॉक्टरांचं ऐकून त्या म्हणाल्या, "चोळीत नाही हो, नुसता लेप देते." तो गार लेप आणि त्यांचा हलका हात, दोन्हींनी जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे सुवर्णदुर्गाच्या होडीसाठी हर्णैला गेले. पडवीत मी आणि आई उरलो.

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती सहलीला येते, पण पायथ्यापर्यंत. "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे," असं म्हणून ती पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आपल्याजवळ ओढून घेते. यावेळी मीही तिच्या बाजूची झाले, आणि ही सहल किती भरगच्च असते ते शेजारी बसून पाहिलं. आम्हाला येऊन एक रात्र झाली होती, तेवढ्यात आईला सगळं ठाऊक होतं: मे महिन्यात विहीर किती खाली जाते, मागच्या आगरातली कोणती पोफळ वाऱ्यानं कलली, काकूंची सून बाळंतपणाला कुठं गेलीय.

अंगणात रातांब्यांचा ढीग होता. काकू फळ चिरून गर-बिया वेगळ्या करत, त्यांच्या रसात मीठ घालून सालं बुडवत आणि उन्हात पसरत. वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. सालं उलटायचं काम आईनं न सांगता घेतलं. खुर्ची सावलीबरोबर सरकवत, हातातल्या काठीच्या टोकाला फडकं गुंडाळून ती एकेक साल पालथं करी. बोटं लालभडक झाली होती. इतकी रमलेली आई मी फार दिवसांनी पाहत होते.

इकडे माझ्या पायाचंही रंगकाम चालू होतं. घोट्याखाली जांभळं उतरलेलं रक्त कडेनं हिरवट झालं, मग पिवळं. त्वचेखाली साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडतं, त्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं आणि मग पिवळं बिलिरुबिन. शरीर आपली पडझड अशी मुकाट उपसत असतं. अंगणातली सालं काळी होत गेली आणि पाय निवळत गेला.

सूज ओसरल्यावर व्यायाम म्हणून पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची होती. आई टॉवेलची गुंडाळी आपल्या गुडघ्याखाली दाबून आकडे मोजे, आणि मी मुळाक्षरं गिरवी. ट, ठ सहज जमत. झ काढताना कळ येई. "झ उद्या," आई म्हणे, आणि आम्ही पुढच्या अक्षराला लागत असू.

हर्णैला गेली त्या दिवशी मुलं उन्हानं रापून परतली होती. कान्होजी आंग्र्यांचं आरमार, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं समुद्रातून किल्ल्यावर केलेला तोफांचा मारा, सगळं एका दमात सांगून झालं. मग धाकटीनं आजीची बोटं धरून विचारलं, "हे काय केलंस?" आईनं तिला अंगणात नेलं, एक रातांबा फोडून दाखवला, चाखायला दिला. आंबटानं डोळे मिटून ती पोर खदखदून हसली आणि जेवणाची हाक येईपर्यंत तिथून हलली नाही.

निघताना काकूंनी आमसुलांची पुडी आईच्या हातात ठेवली. पुढच्या मे महिन्यात रातांबे पिकले की फोन करा, असं आईनं त्यांना बजावून सांगितलं आहे. खोलीही तिनंच ठरवली, पडवीला लागून असलेली. सोबतीला मी हवी आहे, दोन्ही पाय धड असले तरी.