कबुली आणि तौबा

ऑस्ट्रेलियात सभा सुरू करताना ‘ही भूमी मूळनिवासींची’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. २५ एप्रिल २०२५ ला मेलबर्नच्या युद्धस्मारकावर मूळनिवासी ज्येष्ठ स्वागताचे बोलू लागताच काहींनी हुर्यो उडवली. २०२३ च्या सार्वमतात मूळनिवासींना संसदेपुढे सल्लागार आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला होता.

‘हे नुसते तोंडदेखले’ असे काही मूळनिवासीही म्हणतात. पण त्यांना शब्दांपुढचा हक्क हवा आहे. हुर्यो उडवणाऱ्यांना शब्दही नकोत. या दोन नाराज्या एकाच मापात कशा मोजणार?

आपल्याकडे दुसऱ्याचे हडपलेले परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही. पण ‘हे तुझे आहे’ एवढेही ज्याच्या तोंडून निघत नाही, तो परत काय करणार?