पहिल्या आंब्याचे मोल

नातवाच्या हट्टापायी आम्ही नुकतेच बाजारात आलेले पोकेमॉनचे एक कार्ड भरमसाट किमतीस घेतले. अमेरिकेत १९९१ साली निघालेल्या पीएसएसारख्या संस्था अशी कार्डे तपासून १ ते १० गुण देतात व पारदर्शक डबीत बंद करून परत पाठवितात. आरंभी दहा गुणांची कार्डे मोजकीच परततात. ती दुर्मिळ भासतात, पण बाकीची केवळ वाटेवर असतात. पुढे तशीच अनेक आली नि मोल निम्म्यावर उतरले. मोसमाचा पहिला मानकुराद महाग का, हे गोमंतकात जन्मलेल्या आम्हांस ठाऊक होते, तरी फसलो. नातू म्हणाला, "आजोबा, चित्र तेच आहे ना?" आम्ही निरुत्तर झालो. किंमत चित्राची नव्हे, पहिलेपणाच्या अहंकाराची मोजली होती.