वारसाने आलेली सही

कुटुंबाच्या मालमत्तेचे विश्वस्तपद माणसाला कुठवर नेऊ शकते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला दाखला रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाचाच आहे. ऑगस्ट १८९७ मध्ये पुण्याचे सरदार बाबा महाराज वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळी त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त झाली. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. १९०१ मध्ये बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराजांनी औरंगाबादेत घेतलेल्या दत्तकावरून वाद पेटला. टिळकांवर फौजदारी खटला होऊन शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. दिवाणी दावा मात्र थेट १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये त्यांच्या बाजूने संपला. बाजू खरी, माणूस कायद्याचा पदवीधर, स्वतः कायद्याचे वर्ग चालवलेला, तरी अठरा वर्षे गेली. मग वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास ‘आता तू ट्रस्टी’ एवढेच ज्याला सांगितले जाते, त्याच्या हाती आपण नेमके काय देतो?

रत्नागिरी जिल्ह्यात अशी पदे थोडीथोडकी नाहीत. घराण्याचे देऊळ, कुलदैवताच्या उत्सवाचा निधी, कुलमंडळाची शिष्यवृत्ती, आजोबांनी देवाच्या नावे ठेवलेली कलमांची बाग. विश्वस्त मुंबई-पुण्याला, देव गावाला, आणि कागद कुणाच्या तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. कायदा या माणसाला शिक्षणाची कसलीही अट घालत नाही. शेजारच्या क्षेत्रांत मात्र चित्र वेगळे आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१३ साली कलम २४अ आले आणि संस्थांच्या समिती सदस्यांनी ठरावीक काळाने प्रशिक्षण घ्यावे, असे ठरले. कंपनीच्या स्वतंत्र संचालकांसाठी २०१९ पासून ऑनलाइन चाचणी आली. ज्याच्याकडून विश्वस्त हिशेब तपासून घेतो, त्या चार्टर्ड अकाउंटंटलाही व्यवसाय चालू ठेवायचा तर शिकत राहण्याचे तास भरावे लागतात. म्हणजे हिशेब तपासणाऱ्याला शाळा आहे, सही करणाऱ्याला नाही. माझे म्हणणे एवढेच की ही शाळा विश्वस्तालाही हवी, आणि ती पद घेताना एकदाच भरून चालणार नाही, पुन्हापुन्हा भरावी लागेल.

पहिला अडसर सगळ्यात साधा आहे: आपल्याला कोणता कायदा लागतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. खासगी कौटुंबिक न्यासाला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागतो. सार्वजनिक देवस्थानाला १९५० चा, ज्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणतात, तो. पण निव्वळ घराण्याच्या खासगी देवस्थानाला या दोन्हींपैकी एकही थेट लागत नाही. तिथे हिंदू कायदा आणि न्यायनिवाडे बघावे लागतात. देऊळ खासगी की सार्वजनिक हे कसे ठरवायचे, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात केली. लोक हक्काने येतात की घरच्यांच्या परवानगीने, हा त्यातला कळीचा प्रश्न. आता आपल्याकडे पाहा. घरचे देऊळ म्हणायचे आणि गाभाऱ्याबाहेर दानपेटी ठेवायची, उत्सवाची पावतीपुस्तके छापून गावभर वर्गणी गोळा करायची. उद्या वाद झाला तर ती पावतीपुस्तके पुराव्याच्या कोणत्या पारड्यात पडतील, हे छापताना कुणाच्या मनातही येत नाही. उलट, खासगीच राहायचे तर आयकराची सवलत मिळणार नाही, हेही मान्य करावे लागते. एका हाताने देव आपला ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने सवलत मागायची, असा दुहेरी कारभार अज्ञानातून होतो, लबाडीतून क्वचितच.

दुसरे उदाहरण बागेचे. देवस्थानाची हापूसची कलमे कुणाला तरी कराराने द्यावी लागतातच, कारण मुंबईत बसून फवारणी आणि राखण होत नाही. एका हंगामाचे फळ विकणे वेगळे आणि जमीन भाडेपट्ट्याने देणे वेगळे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीला तर लागतेच. शंभराच्या स्टॅम्पवर बारा वर्षांचा करार करणाऱ्या विश्वस्ताला वाटते, आपण देवाचे उत्पन्न बांधून घेतले. प्रत्यक्षात त्याने दोन्ही पक्षांच्या गळ्यात एक निष्फळ कागद अडकवलेला असतो, आणि त्यावर विसंबून बागायतदाराने पैसे ओतलेले असतात. त्यात कुळकायद्याची भीती वेगळीच. कलम ८८ब चे सूट प्रमाणपत्र आहे की नाही, हे विचारले की बैठकीत शांतता पसरते.

‘यासाठीच तर वकील आणि सीए आहेत,’ हा आक्षेप वजनदार आहे. सल्ला घ्यावाच. पण सल्लागार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि प्रश्न पडायला थोडे माहीत असावे लागते. शिवाय विश्वस्ताला आपली जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. १८८२ च्या कायद्याचे कलम ४७ खासगी न्यासाबाबत हे स्पष्टच सांगते. ‘आमच्या आजोबांना कुठे कुणी शिकवले होते?’ हा दुसरा आक्षेप. आजोबांना वहिवाट ठाऊक होती, मानपान ठाऊक होते, आणि ते ज्ञान आजही अमूल्य आहे. फक्त आजोबांच्या काळी आयकराची नोंदणी एकदा झाली की झाली. २०२१ पासून ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागू लागली; २०२५ मध्ये छोट्या न्यासांना दहा वर्षांची मुदत मिळाली; आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदाच आला, म्हणजे पाठ केलेले कलमांचे आकडेही गेले. एकदा घेतलेले शिक्षण इथे किती टिकणार?

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: आधीच फुकट राबणारी माणसे मिळत नाहीत, त्यात परीक्षा लावलीत तर उरलेली पळतील. म्हणून परीक्षा नकोच. ही शाळा भरावी वर्षातून एक दिवस, मराठीतून, रत्नागिरी-चिपळूण-राजापूर अशा ठिकाणी. आणि तोही शिमग्याला किंवा मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना. धर्मादाय कार्यालय, वकील संघ आणि सनदी लेखापाल यांना हे मिळून जमण्यासारखे आहे. सक्ती करायचीच तर एवढीच, की नव्या विश्वस्ताचे नाव लागल्यापासून वर्षभरात त्याने एकदा हजेरी लावावी. माणसे पळतात ती शिकण्याच्या भीतीने कमी, नोटिशीच्या भीतीने जास्त. हिशेब वेळेत न दिल्याबद्दल १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ड खाली पदावरून दूर होण्याची वेळ आली की नातेवाईकही बैठकीला येईनासे होतात.

पहिल्या दिवशी व्याख्यान ठेवू नये. प्रत्येकाने आपला न्यासपत्राचा कागद, सातबारा आणि सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, म्हणजे शेड्युल वनचा, उतारा घेऊन यावे, आणि उताऱ्यातली विश्वस्तांची नावे मोठ्याने वाचावीत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, हे सांगायची मग गरजच पडणार नाही. वाचणाऱ्याच्या पणजोबांचे नाव तिसऱ्या ओळीत अजून हयात असेल.