समजलं ना?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरी स्वतःला 'हम' म्हणायची सवय, त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की 'मी' लवकर सुचत नाही, 'आम्ही' येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. शिवाय जी गोष्ट सांगायची आहे तिच्यातली चूक एकट्या कुणाची नाही. ती डॉक्टरांची आहे, आमची आहे, साऱ्या घराची आहे. म्हणूनही 'आम्ही' बरे.

आमचे गाव मराठवाड्यातले, आठवडी बाजाराचे. गावात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अम्मीला साखरेचा आजार निघाला तेव्हापासून दर महिन्याला आम्ही तिला तिथे घेऊन जायचो. अम्मी उर्दू वाचते, कुराण शरीफ वाचते, पण मराठी वाचता येत नाही आणि बोलायला लाजते. त्यामुळे केसपेपर काढण्यापासून गोळ्या घेण्यापर्यंत सगळे आम्हीच करायचो. डॉक्टर विचारायचे, "काय म्हणता आजी?" अम्मी तोंड उघडायच्या आत आम्ही सांगून मोकळे. "पाय दुखतात म्हणते, बाकी ठीक आहे." डॉक्टर लिहीत लिहीत म्हणायचे, "गोळ्या त्याच. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. समजलं ना?" अम्मी आमच्याकडे बघायची, आम्ही मान हलवायचो. मागे पन्नास माणसांची रांग असायची. दोन मिनिटांत आम्ही बाहेर. शाळेची घंटा गाठायची असे, त्यामुळे लवकर सुटलो याचा आनंदच वाटायचा.

२०२३ चा रमजान मार्चच्या शेवटी लागला. ऊन तापू लागले होते. दहा-बारा रोजे झाले असतील. दुपारी शाळेतून आलो तर अम्मी जानमाजवर बसलेली, अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, आणि आम्हाला ओळखल्यासारखे वाटेना. असरची अजान व्हायला अजून वेळ होता. आमच्या मिस्टरांनी रिक्षा आणली. केंद्रात नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली आणि म्हणाल्या, "शुगर अठ्ठेचाळीस!" लगेच सलाईनमधून साखर दिली. अर्ध्या तासाने अम्मीने डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न केला, "मेरा रोजा टूट गया क्या?"

डॉक्टर रागावले. "साखरेच्या पेशंटने उपास धरायचा असतो का? तुम्ही शिकलेल्या बाई, तुम्हाला कळत नाही?" आम्ही खाली मान घालून ऐकले. त्यांचे खोटे नव्हते. पण त्या रात्री इफ्तारनंतर अम्मीजवळ बसलो तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी 'सकाळी जेवणाआधी' सांगितले होते, म्हणून ती इमानदारीने सकाळची गोळी सहरच्या वेळी घ्यायची. पण सहरीला खायची काय? अर्धा कप चहा आणि एक पाव. ती गोळी ग्लिमेपिराईडची होती. पोटात अन्न असेल तर ती काम नीट करते, आणि पुढचे तेरा-चौदा तास पोट रिकामे राहिले तर रक्तातली साखर पार खाली नेऊ शकते. आम्ही जरा चिडूनच विचारले, "अम्मी, डॉक्टरसाबको बताई क्यों नहीं, की रोजे रखती हूं करके?" अम्मी शांतपणे म्हणाली, "उनो पूछेच नई, तो मैं क्या बोलूं? और तू बी कहां पूछी?"

ते वाक्य आम्हाला अजून टोचते. सात वर्षांत तिला कुणी विचारलेच नव्हते. सरकारी योजनेत तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला आजार, असे प्रश्न त्यात असतात आणि ते योग्यच आहेत. अम्मीचाही फॉर्म भरला होता. तिच्या वतीने उत्तरे आम्हीच दिली होती! रोज्याचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, आणि आमच्याही डोक्यात आला नाही.

आम्ही बी.एड. केले तेव्हा आमच्या अध्यापन पद्धतीच्या मॅडम एका प्रश्नावर फार चिडायच्या. सराव पाठात कुणी वर्गाला "समजलं का?" विचारले की त्या मागच्या बाकावरून लाल पेनने रेघ मारत. त्यांचे म्हणणे, हा प्रश्नच नाही. ज्याला समजले तो 'हो' म्हणतो, ज्याला समजले नाही तो शेजाऱ्याकडे बघून 'हो' म्हणतो, आणि ज्याचे लक्षच नव्हते तो सगळ्यांत मोठ्याने 'हो' म्हणतो. मुलाकडून करवून घ्या, त्याच्या शब्दांत ऐका, मगच पुढे जा. हे आम्ही वर्गात बारा वर्षे पाळतो. आणि आपल्याच आईच्या बाबतीत डॉक्टरांच्या "समजलं ना?" वर मान हलवत आलो.

पुढे केंद्रात नवीन वैद्यकीय अधिकारी आल्या. वय तिशीच्या आतले. २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे रज्जबच्या महिन्यात, अम्मीला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला थोडे बाजूला बसवले आणि अम्मीला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मोडक्या हिंदीत विचारले, "अम्मी, इस बार रोजे रखने का इरादा है क्या?" अम्मी घाबरली. आता बोलणी बसणार असे तिला वाटले असावे. ती हळूच म्हणाली, "जी, अल्लाह ने ताकद दी तो." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अच्छा हुआ, अभी बताया. अभी टाइम है."

त्यांनी नंतर समजावले की मधुमेह आणि रमजान यावर जगभरच्या तज्ज्ञांनी २०१६ साली मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच रुग्णाशी बोलावे, धोका किती ते पाहावे, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलाव्यात, असे त्यात आहे. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी निदान पंधरा रोजे धरले होते. म्हणजे 'धरू नका' म्हणून भागत नाही. लोक धरतातच, फक्त डॉक्टरांना सांगत नाहीत. आजारी माणसाला शरियतने सूट दिली आहे हे अम्मीला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. पण सूट घेणे आणि ती मनाला पटणे यात अंतर असते, आणि ते अंतर रागावून कमी होत नाही.

बोलता बोलता आम्ही बी.एड.च्या मॅडमची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात हे फार उशिरा आले." त्यांनी दोन दाखले दिले. १९८४ साली अमेरिकेत पाहिले गेले की रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडतात. आणि २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी दवाखान्यात, कमी शिकलेल्या मधुमेही रुग्णांच्या भेटी ऐकल्या गेल्या. डॉक्टरांनी एकूण १२४ नव्या गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या फक्त पंधरा गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही, हे त्यांनी विचारून पाहिले. ज्यांना असे विचारले गेले, त्यांची साखर इतरांपेक्षा आटोक्यात होती. आम्हाला वाटले, हे तर आमच्या मागच्या बाकावरच्या मॅडमनी केव्हाच सांगितले होते.

त्यांनी आम्हाला विचारले, "आशाताईंच्या मासिक बैठकीत एक तास याल का? मला औषधे येतात, शिकवणे येत नाही." आमची हिंमत होईना. पण अम्मी म्हणाली, "जा ना. तेरेकु तो वोइच आता."

आम्ही रीतसर पाठ टाचण काढले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये दवाखान्यांसाठी एक साधनसंच काढला आहे, फुकट मिळतो. डॉक्टरीणबाईंनी त्यातली दोन साधने निवडून दिली. पहिले असे, की सांगून झाल्यावर रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत परत ऐकायचे. पण परीक्षा घेतल्यासारखे नाही. "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल ते सांगा बरं," असे. चूक निघाली तर ती सांगणाऱ्याची. दुसरे असे, की घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून आणायला सांगायची, हकीमाची पुडी आणि शेजारणीने दिलेली गोळी धरून.

शिकवायची पद्धत मात्र आमची, सूक्ष्म अध्यापनाची. बी.एड. झालेल्या प्रत्येकाला तो छत्तीस मिनिटांचा फेरा पाठ असतो. सहा मिनिटे शिकवा, सहा मिनिटे चुका ऐका, बारा मिनिटे पुन्हा तयारी, सहा मिनिटे परत शिकवा, सहा मिनिटे परत ऐका. एक ताई आशा झाली, दुसरी रुग्ण, तिसरी मागे बसून वहीत टिपणारी. पहिल्या फेरीत सगळ्यांनी "समजलं ना?" असेच विचारले, आणि आम्ही लाल पेनने रेघ मारली! खूप हसलो. दुसऱ्या फेरीत एक ताई थांबली, रुग्ण झालेल्या मैत्रिणीला म्हणाली, "मावशी, ही गोळी तुम्ही कधी घेणार?" मैत्रीण नाटकातच म्हणाली, "आंघोळ करून देवपूजा झाल्यावर." जेवणाचा पत्ताच नाही! सगळ्या एकदम गप्प झाल्या.

मग एक वयस्कर आशाताई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई शुगर असून नऊ दिवस नवरात्र धरतात, निव्वळ पाण्यावर. आम्हाला तरी कुणी विचारलंय?" दुसरीने एकादशीचे सांगितले, तिसरीने चतुर्थीचे. आम्ही रोज्याचा प्रश्न घेऊन गेलो होतो, तो घरोघरचा निघाला. त्या दिवशी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येकीने हाताने एक ओळ लिहून घेतली: 'उपास किंवा रोजा धरता का? कोणता?'

ही काही नवी वाट नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अक्षर न येणाऱ्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले, आणि आपल्या गावात कोण उपाशी आहे, कोण कुणाला घाबरते, हे डॉक्टरपेक्षा त्या बाईला कळते यावर भरवसा ठेवला. आज गावोगाव आशाताई आहेत, त्यांचे प्रशिक्षणही होते. पण बहुतेक प्रशिक्षण 'काय सांगायचे' याचे असते. 'कसे विचारायचे आणि ऐकून कसे घ्यायचे' याला एक तासही पुरेसा मिळत नाही.

त्या रमजानात अम्मीची सहरची मात्रा कमी झाली, इफ्तारची ठरवून दिली गेली. सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ आणि दही आले. आम्ही उर्दूत एक कार्ड लिहून भिंतीला लावले: साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली की रोजा लगेच सोडायचा. बोटाला सुई टोचली तर रोजा तुटतो असे मोहल्ल्यात बरेच जण मानतात. डॉक्टरीणबाईंच्या विनंतीवरून मौलानासाहेबांनी जुम्याला सांगितले की तुटत नाही. त्या एका वाक्याने जे काम झाले ते आमच्या दहा कार्डांनी झाले नसते.

तरीही एके दिवशी दुपारी अम्मीची साखर अडुसष्ट आली. आम्ही शाळेत होतो. तिने स्वतःच कार्ड वाचले, स्वतःच खजूर खाल्ला, पाणी प्याले, आणि मग एकटीच रडत बसली. आम्ही आलो तेव्हा म्हणाली, "पूछ मेरेकु, कब तोड्या, कित्ती थी, सब बताती मैं." आम्ही विचारले. तिने सगळे नीट, क्रमाने सांगितले. बारा वर्षांत आमच्या वर्गात कुणी इतके नीट उत्तर दिले नव्हते.

आता हेही सांगितले पाहिजे की रांग अजून तितकीच आहे. नियमाप्रमाणे एका केंद्राकडे तीस हजार लोकवस्ती असते. डॉक्टरीणबाईंना प्रत्येकाला दहा मिनिटे देता येत नाहीत, आणि त्यांची बदली झाली की पुढचे काय हे कुणाला माहीत? साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या की आम्ही बाजारातून आणतो, पण ज्यांना परवडत नाही त्यांचे काय? सरकारने फॉर्मवर एक ओळ वाढवावी, प्रशिक्षणात हा छत्तीस मिनिटांचा फेरा घालावा, उर्दू वाचणाऱ्यांसाठी उर्दूत कार्ड छापावे, इतके तर होण्यासारखे आहे.

बाकीचे आमच्या हातात आहे. आम्ही अजूनही अम्मीबरोबर केंद्रात जातो. फरक इतकाच की डॉक्टर काही विचारतात तेव्हा आता आम्ही गप्प बसतो. कठीण जाते. शिक्षकाला गप्प बसणे कुणी शिकवलेले नसते. अम्मी सावकाश, अडखळत बोलते, मधेच पदर सारखा करते. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करतात. आम्ही खिडकीबाहेर बघत राहतो आणि तिचे बोलणे पुरते व्हायची वाट पाहतो.